टीव्हीवर दिसलास की फोन वाजणार, तेव्हा विकायला काय आहे तुझ्याकडं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कोरेगाव तालुक्यातला, वय २८, साताऱ्यात एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर. एका मराठी चॅनेलच्या कुकिंग कॉम्पिटिशनमध्ये शेवटच्या आठात गेलो आणि बाहेर पडलो. शूट संपलंय, टेलिकास्ट तीन आठवड्यांनी सुरू होणार. वाघ्या घेवड्याची आमटी केली होती, जजनी विचारलं हा राजमा का, मी म्हटलं राजमा पाहुणा, हा आमच्या घरचा. सगळे हसले. आता घरचे आणि मित्र म्हणतायत नोकरी सोड, हॉटेल टाक. ताई, या प्रसिद्धीचा करिअरला नक्की उपयोग कसा करून घ्यायचा?"

तीन आठवडे हातात आहेत म्हणतोस म्हणजे तू नशीबवान आहेस बघ, कारण मला जे कळलं ते टेलिकास्ट झाल्यावर आठ महिन्यांनी कळलं आणि तोवर दूध नासलं होतं.

मी सांगलीची, विश्रामबागला राहते. २०११ साली अशाच एका शोमध्ये शेवटच्या सहात होते. खपली गव्हाची खीर केली होती, जीव ओतून, आदल्या रात्री गहू भिजवून, कांडून, सगळं शास्त्रशुद्ध. आणि दुसऱ्या एका राऊंडला अख्ख्या मसूरची आमटी केली त्यात मसाला टाकताना सहज बोलून गेले की हा आमचा घरचा कांदा-लसूण, चैत्रात एकदा करतो आणि वर्षभर पुरवतो. बास, एवढं एकच वाक्य. एपिसोड लागला ऐन श्रावणात. दुसऱ्या दिवशी इथल्या एका पेपरात बातमी आली, बातमीच्या खाली कुणीतरी हुशारी करून माझा मोबाईल नंबर पण छापला, आणि सकाळी सातपासून फोन सुरू. मला वाटलं खिरीबद्दल विचारतील. खिरीचं नाव कुणी काढलं नाही! सगळ्यांना मसाला पाहिजे होता. पाव किलो द्या, अर्धा किलो द्या, मुलगी पुण्याला असते तिला पाठवायचाय.

आता तूच सांग, श्रावणात कांदा-लसूण मसाला कुठनं आणायचा? मिरची वाळवायला ऊन नाही, खोबरं दमट पडतं, कांडपाच्या गिरणीत शुकशुकाट. घरात चार-पाच किलो शिल्लक होता तो मी ओळखीच्यांना असाच वाटून टाकला, पैसे मागायची लाज वाटली, वर स्टीलचे डबे गेले ते गेलेच. बाकीच्यांचे नंबर पोराच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतले. पुढच्या मार्चला ब्याडगी आणली, संकेश्वरी आणली, खोबरं-लसूण-धणे सगळं तळून भाजून मसाला कुटून आणला, ती वही काढली आणि एकेकाला फोन लावत बसले. "कोण बोलतंय?" हाच पहिला प्रश्न. मी अमक्या शोमधली, खीर, मसाला, आठवतंय का. काहींना अंधुक आठवलं, बऱ्याच जणांना नाही. एका बाईंनी तर "आमचा इन्शुरन्स काढलेलाय" म्हणून फोन ठेवला.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे की जे काय विकायचं किंवा द्यायचं आहे ते टेलिकास्टच्या आधी तयार पाहिजे, आणि ज्याला ते पाहिजे त्याला तू सापडला पाहिजेस. पुढचं जे लिहिते ते सगळं याच्याच पोटातलं.

उदाहरण घे. मास्टरशेफ इंडियाच्या सातव्या सीझनमध्ये, २०२३ ला, उर्मिला आशर म्हणून एक आजी होत्या, लोक त्यांना गुज्जूबेन म्हणायचे. जिंकल्या नाहीत त्या. पण लॉकडाऊनमध्ये, २०२० लाच, सत्तरी ओलांडलेली असताना नातवाला बरोबर घेऊन मुंबईत लोणची-नाश्त्याचा धंदा सुरू केला होता, म्हणजे टीव्हीवर चेहरा दिसला तेव्हा मागं दुकान उभं होतं. २०२५ ला त्या गेल्या, पण लोकांच्या लक्षात राहिल्या, आणि त्याच सीझनमधले किती जण तुला नावानिशी आठवतात सांग बघू. आता उलटं उदाहरण पण आहे, पहिल्या सीझनच्या विजेत्या पंकज भदौरिया, लखनौच्या शिक्षिका, त्यांनी २०१० ला नोकरी सोडून स्पर्धेत उडी घेतली आणि नंतर स्वतःचा शो, पुस्तकं, लखनौमध्ये कुकिंग शिकवायची संस्था असं सगळं उभं केलं. पण त्या जिंकल्या होत्या, त्या देशातल्या पहिल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे शिकवणं हा त्यांचा आधीचाच धंदा होता, त्याला फक्त विषय नवीन मिळाला. तू आठवा की सातवा आलायस. तुला कुणी शो देणार नाहीये. राग मानू नको, मी सहावी होते, मला पण कुणी दिला नाही.

आता तुझ्याकडं काय आहे ते बघू. तुझ्याकडं एक वाक्य आहे, "राजमा पाहुणा, हा आमच्या घरचा". बाळा, हे सोनं आहे. माझं मसाल्याचं वाक्य चुकून निघालं होतं, तुझं तर सगळ्यांना हसवून गेलंय. एडिटमध्ये ते राहिलं तर (राहीलच, जज हसले की एडिटर सोडत नाहीत) लोक तुला वाघ्या घेवडावाला म्हणूनच ओळखणार, तुझं आडनाव कुणाच्या लक्षात राहणार नाही. मग विकायचं काय ते पण ठरलंच की. अर्ध्या किलोचं वाघ्या घेवड्याचं पाकीट, आत आमटीच्या मसाल्याची छोटी पुडी, आणि मागं कृती छापलेली. हॉटेल नको, क्लाउड किचन नको, वीस प्रकारची लोणची नकोत. एकच पाकीट. पुण्या-मुंबईतल्या बाईला ते बघून रविवारी आमटी करता आली पाहिजे.

घेवडा तुझ्या तालुक्यातच पिकतो, त्याला २०१६ ला जीआय मानांकन, म्हणजे हा माल या भागाचाच अशी सरकारी नोंद, पण मिळालंय. पण इथं एक गोम आहे. मानांकन आहे म्हणजे कुणीही उठून पाकिटावर जीआयचा लोगो छापायचा असं नसतं, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत नोंद लागते. तू काय कर, ज्या शेतकऱ्यांची किंवा शेतकरी कंपनीची नोंद आहे त्यांच्याकडनं माल घे, तोंडी नको, बिलावर घे, आणि लोगो वापरायच्या आधी त्यांच्याशी बसून बोलून घे. आणि माल घेताना हात घालून बघ. घेवड्याला किडा लागतो, कडक ऊन देऊन, नीट निवडून भरलेला नसेल तर महिन्याभरात पाकिटात भोकं पाडतो, आणि टीव्हीवर बघून पहिल्यांदा मागवलेल्या माणसाच्या पाकिटात भुंगा निघाला की तो माणूस फोटो काढतो, तक्रार तुला करत नाही, सगळ्या जगाला करतो.

कागदपत्रांचं पटकन सांगते, कारण यात मजा काही नाही पण चुकलं की महागात पडतं. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी खातं, त्याचं बेसिक रजिस्ट्रेशन त्यांच्याच फॉसकॉस नावाच्या साईटवर होतं, फी वर्षाला १०० रुपये, १४ अंकी नंबर मिळतो, तो पाकिटावर. नुसता घेवडा दुसऱ्याकडनं घेऊन भरून विकला तरी ते लागतं. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, हिरवा ठिपका, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन. वजनमापे खात्याकडं पॅकर म्हणून नोंद. बॅच नंबर म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, कंपनीत रोज तेच करतोस. खरं सांगू का, शोमधून आलेल्या पोरांपैकी स्वयंपाक सगळ्यांना येतो, पण आजच्या दिवशी साठ पाकिटं सारख्या वजनाची भरून संध्याकाळी डिस्पॅच करणं फार थोड्यांना जमतं, तिथं तुझी सुपरवायझरी कामाला येणार आहे, आमटी नव्हे.

ब्रँडचं नाव ठरवलंस की ट्रेडमार्कचा अर्ज टाकून दे, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाईन एका क्लासला ४,५०० रुपये फी आहे, मसाले क्लास ३० मध्ये येतात, लोणची वगैरे २९ मध्ये. नावात शोचं नाव घुसडू नको. अमक्या शो फेम मसाले असं काहीतरी आमच्या ओळखीतल्या एकीनं केलं होतं, चॅनेलच्या वकिलाची नोटीस आली आणि छापलेली सगळी पाकिटं बंबात गेली.

त्यावरनं आठवलं, काँट्रॅक्ट. शूटच्या पहिल्या दिवशी तुझ्याकडनं पंधरा-वीस पानांवर सह्या घेतल्या असणार आणि तू त्या मोबाईलवर बोलत बोलत केल्या असणार, मी पण तशाच केल्या होत्या. कॉपी माग. नसेल दिली तर कोऑर्डिनेटरला मेल टाकून माग. त्यात चार गोष्टी शोध. एक, टेलिकास्ट होईपर्यंत काय काय बोलायचं नाही. निकाल तर नाहीच नाही, पण सेटवरचा अ‍ॅप्रन घातलेला सेल्फी स्टेटसला टाकला तरी काही ठिकाणी दंडाची कलमं असतात. दोन, किती महिने दुसऱ्या चॅनेलवर किंवा दुसऱ्या फूड ब्रँडबरोबर दिसायचं नाही. तीन, तुझ्या पुढच्या कमाईत त्यांचा वाटा आहे का, काही काँट्रॅक्टमध्ये मॅनेजमेंटचं कलम असतं आणि त्यात कमिशनचा टक्का लिहिलेला असतो, ते बारीक अक्षरात असतं. चार, शोचं नाव आणि लोगो तू कुठं वापरू शकतोस. शंका असेल तिथं सरळ मेल करून विचार, "मी माझ्या प्रॉडक्टची ओळख करून देताना या शोचा स्पर्धक असा उल्लेख केला तर चालेल का", आणि उत्तर लेखी ठेव. फोनवर "हो हो चालतंय" म्हणणारी पोरगी सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रॉडक्शनला गेलेली असते. वकिलाला तासाभराची फी देऊन वाचून घेतलंस तर त्यासारखं नाही, हॉटेलच्या डिपॉझिटपेक्षा स्वस्तच पडेल.

आणि टीव्हीसमोर मोबाईल धरून एपिसोड रेकॉर्ड करून आपल्या यूट्यूबवर चढवू नको. ते फुटेज चॅनेलचं आहे, त्यात तुझा चेहरा असला तरी. तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की अख्खं चॅनेल जातं. त्यांनी टाकलेल्या प्रोमोची लिंक शेअर कर, त्यात तुला टॅग करायला सांग, एवढं ते करतात. रेसिपी मात्र तुझी तू पुन्हा करून दाखवू शकतोस, घरच्या चुलीवर, आईच्या आवाजात. सामानाच्या यादीवर कुणाचा हक्क नसतो, पण काँट्रॅक्टमध्ये शोसाठी केलेल्या रेसिपीबद्दल वेगळं काही लिहिलंय का तेवढं बघून घे.

आता टेलिकास्टची रात्र. एक वेगळं सिम घे, उद्याच, आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाक. तुझा स्वतःचा नंबर पेपरवाल्यांना देऊ नको, हा दे. इन्स्टाचं नाव, यूट्यूबचं नाव, पाकिटावरचं नाव एकच ठेव, स्पेलिंगसकट, कारण लोक टीव्हीवर खाली आलेलं नाव बघून शोधतात आणि दोन मिनिटांत सापडला नाही तर सोडून देतात. एपिसोड चालू असताना तू टीव्ही बघू नको, बघायचाच असेल तर नंतर ओटीटीवर बघ. त्या दोन तासांत तू, तुझी बायको किंवा बहीण, आणि एक मित्र, तिघं फोन घेऊन बसा. "अभिनंदन" म्हणणाऱ्याला थँक्यू, आणि "कुठं मिळेल" म्हणणाऱ्याचं नाव, गाव, पिनकोड. आणि प्रत्येकाला सांग, हा नंबर वाघ्या घेवडा म्हणून सेव्ह करा. हे का, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि ज्यानं तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. सेव्ह नसेल तर तू कितीही मेसेज टाक, हवेत. हे मला माझ्या वहीच्या वेळी नव्हतं, मला वाटतं असतं तर मी आज कुपवाडला भाड्याच्या शेडमध्ये मसाला करत नसते, स्वतःच्या शेडमध्ये करत असते.

दसऱ्याच्या आसपास घेवड्याचा नवा माल येतो, त्या वेळी हीच यादी काढून "नवा घेवडा आला" एवढाच एक मेसेज टाकायचा. वर्षाला पाच-सहाच मेसेज. रोज सकाळी सुविचार पाठवलास तर लोक ब्लॉक करतात.

पहिल्या दोन महिन्यांत तुला सगळ्यात जास्त काय मिळणार माहितीये का? शाल आणि श्रीफळ. तालीम मंडळ, महिला मंडळ, पतसंस्थेचा वर्धापनदिन, तुझी शाळा, बायकोची शाळा, नगरसेवकाचा वाढदिवस. माझ्याकडं त्या वर्षीच्या सतरा शाली होत्या, त्यातल्या बाराचा रंग एकच. पेट्रोल कुणी दिलं नाही. जाऊ नको म्हणत नाही मी, गावानं केलेला सत्कार नाकारायचा नसतो, पण नियम करून घे. गावातला आणि शाळेतला सत्कार मोकळ्या मनानं घे. बाकीच्यांना म्हण, सत्कार नको, तुमच्या कार्यक्रमात मला वीस मिनिटं द्या, मी आमटी करून दाखवतो आणि बाहेर माझं टेबल लावतो. निम्मे लोक तयार होतात. निम्मे परत फोन करत नाहीत, ते बरंच झालं. पाककला स्पर्धेला जज म्हणून बोलावलं तर मानधन विचारायचं, लाजायचं नाही, "तुम्ही साधारण काय देता?" एवढंच विचारलं तरी समोरच्याला कळतं. सांगलीला आकाशवाणी केंद्र आहे, तिथं महिलांच्या किंवा शेतीच्या कार्यक्रमात बोलावलं तर मात्र पैसे न बघता जा, आपल्याकडं खेड्यात अजून रेडिओ ऐकतात आणि घेवडा पिकवणारे पण ऐकतात.

हॉटेलवाले येणार. हायवेवरचे तर नक्की येणार, पुणे-बेंगलोर रस्त्यावर कऱ्हाड ते पेठनाका दर किलोमीटरला एक हॉटेल आहे आणि प्रत्येकाला पाटीवर चेहरा पाहिजे. माझ्याकडं एक जण आले, नाव सांगत नाही, म्हणाले ताई तुमच्या हातची आमटी आमच्या मेनूत ठेवतो, तुमचा फोटो लावतो, विक्रीतला वाटा देतो. मी तीन दिवस त्यांच्या आचाऱ्याला शिकवलं. फ्लेक्स एवढा मोठा लावला की आमच्या ह्यांनी गाडी थांबवून फोटो काढला. दोन महिन्यांनी माझ्या नणंदेच्या घरची माणसं तिथं जेवली आणि मला फोन, अगं काय ते, वर बोटभर तेल आणि मसूर कच्चे. आचारी सोडून गेला होता, नवीन आलेल्यानं बाजारचा मसाला घातला होता, फोटो माझाच. वाटा तर एक रुपया दिला नाही, हिशोबच ठेवला नव्हता. फ्लेक्स काढायला मला तीनदा जावं लागलं. तेव्हा तू हे लक्षात ठेव, मेनू बसवून द्यायची एकरकमी फी घे, निम्मी आधी, नाव आणि फोटो किती महिने वापरणार ते कागदावर, मसाला तुझ्याकडनंच घेणार हे कागदावर, आणि तू कधीही येऊन चव बघणार, बिघडली तर फोटो उतरवणार हे पण. हे मान्य नसेल त्याला चहा पाजून वाटंला लाव.

स्वतःचं हॉटेल? पहिल्या वर्षी नाही. नाहीच. लोकांची पहिल्या महिन्यात गर्दी होते, पण ती तुला बघायला, सेल्फी काढायला, आणि सेल्फी काढून झाला की तो माणूस साधी मिसळ मागवतो आणि तीन जणांत एक खातो. मग भाडं, गॅस, आचाऱ्याचा पगार आणि तू गल्ल्यावर बसलेला, म्हणजे ज्या हातानं नाव झालं तो हात नोटा मोजतोय. दोन घरं मी यात बुडताना बघितली, दोन्ही गुणी माणसं होती.

क्लास घेणार असशील तर कर, पण शंभर बायका हॉलमध्ये बसवून माईकवर नको. दहा-बारा जण, प्रत्येकाच्या हाताला काम, घरी न्यायला डबा आणि छापील कृती. फी ठरवताना हॉल, सामान, भांडी घासणारी बाई आणि तुझा एक अख्खा रविवार धरायचा. कमी फी ठेवली तर जास्त येतात असं वाटतं, तसं होत नाही, उलट उशिरा येतात.

यूट्यूबवर लगेच पैसे सुटतात हे डोक्यातनं काढ. जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, आणि त्यानंतर सुद्धा आपल्याकडच्या रेसिपी चॅनेलला सुरुवातीला मिळतं ते किराणा पण भागत नाही. मधुरा बाचल यांनी २००९ ला सुरू केलं होतं, तेव्हा आपल्याकडं यूट्यूबवर रेसिपी बघतात हेच कुणाला माहीत नव्हतं. तुझ्यासाठी व्हिडिओ हा पाकिटाचा सेल्समन आहे असं समज. आठवड्याला एक, घेवड्याचाच, उसळ, आमटी, घेवड्याचं वरण, शेतात उभं राहून निवडायचा कसा ते.

मिक्सरवाले, तेलवाले, कढईवाले मेसेज करतील. बहुतेक वेळा पैसे नाहीत, वस्तू. घे हवं तर, पण एक, पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक केलंस तर ती जाहिरात आहे असं व्हिडिओवर ठळक लिहायचं, २०२१ पासून आस्कीचे, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम आहेत आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल केल्याचा दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. दोन, वर्षात एकाच कंपनीकडनं २०,००० च्या वर किमतीच्या वस्तू तुझ्याकडंच राहिल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस बसतो, पॅन मागतील तेव्हा दचकू नको. आणि जे तेल तू घरात वापरत नाहीस त्याचा व्हिडिओ करू नको, तुझ्या आईला विचारतील शेजारच्या.

बक्षिसाचं पण ऐकून ठेव, तुला नाही तर पुढच्या कुणाला उपयोगी पडेल. टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर कापून हातात देतात, वर सेस वेगळा. २५ लाख म्हणून टाळ्या वाजतात, साडेसात लाख तिथल्या तिथं जातात. आणि घरी बसणारी बाई असेल, बाकी काही उत्पन्न नसेल, तरी रिटर्न भरून तो परत मिळत नाही, नेहमीची सूट त्याला लागू नाही. बक्षीस फ्रीज-टीव्ही असलं तरी त्याची किंमत धरून कर आधी भरावा लागतो. माझ्याबरोबरच्या एका मावशींनी बक्षिसाच्या आशेवर आधीच स्वयंपाकघराच्या फरशा काढून ठेवल्या होत्या.

नोकरी सोडू नको. शनिवार-रविवार आणि शिफ्ट संपल्यावरचे तास पुरेत सध्या. सहा महिने सलग, म्हणजे टेलिकास्टची हवा पूर्ण ओसरल्यावर पण, तुझ्या पगाराच्या निम्मे पैसे खर्च जाऊन हातात राहायला लागले की मग बसून विचार कर. तेव्हा यंत्र घ्यायचं असेल तर कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात अन्नप्रक्रियेच्या सबसिडीची चौकशी कर, केंद्र सरकारच्या पीएमएफएमई योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान असं स्वरूप होतं, सध्या चालू आहे का ते विचार, पण त्याला बँकेचं कर्ज लागतं आणि बँक मॅनेजर टीव्हीवरची क्लिप बघत नाही, सहा महिन्यांची बिलं बघतो. तुझी आई किंवा बायको बचत गटात असेल तर मुंबईच्या महालक्ष्मी सरसला स्टॉल मिळतो का बघ, पुण्यात भीमथडी जत्रा असते, तिथं चार दिवसांत जेवढी माणसं पाकीट हातात घेऊन प्रश्न विचारतात तेवढी वर्षभर फोनवर विचारत नाहीत. आणि तिथं "हा त्या शोमधला" एवढं कुजबुजलं की गर्दी थांबते, मी बघितलंय.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सांगते. एडिटमध्ये तू रडका, भांडकुदळ, गर्विष्ठ काहीही दिसू शकतोस. माझी एका बाईबरोबरची गंमत त्यांनी भांडण म्हणून दाखवली, म्युझिक लावून. खाली कमेंट वाचत बसू नको, उत्तर तर बिलकूल देऊ नको, फोनवाल्या बहिणीला सांग की "कुठं मिळेल" सोडून बाकी काही मला दाखवू नको.

बरोबरच्या स्पर्धकांचे नंबर ठेव मात्र. मला पहिली मोठी ऑर्डर पेपरातल्या बातमीनं दिली नाही, नाशिकच्या एका सहस्पर्धक बाईनं दिली, तिच्या केटरिंगला पन्नास किलो मसाला लागत होता. विजेती नव्हती ती पण. ती अजून घेते, मार्च आला की फोन येतो, "काय गं, मिरची काय भाव?"

तर उद्या सिम आणि एफएसएसएआय, या रविवारी घेवडा बघायला जा, पुढच्या रविवारी तीस पाकिटं भरून नातेवाइकांना विक. विक म्हटलंय, वाट नाही म्हटलं. त्यातलं एक मला एसटी पार्सलनं सांगलीला पाठव, बिल टाकून. फुकट पाठवलंस तर त्याच गाडीनं परत पाठवीन.